दोघींना पुरेल असा कॉम्प्युटर

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. आमच्या डोंबिवलीच्या घरी दुपारी वाजणारा फोन बहुतेक वेळा शेजारच्यांसाठी असतो, त्यामुळे मी उठतानाच भिंतीपलीकडे हाक मारायच्या तयारीत होते. पण पलीकडून एक अनोळखी पुरुषी आवाज म्हणाला, "कुमुदताईंचं घर ना? मी त्यांच्या ऑफिसातून कर्णिक बोलतोय. त्यांना जरा बरं वाटत नाहीये. ठाण्याला हॉस्पिटलात आणलंय. तुम्ही लगेच निघा." कर्णिकसाहेब म्हणजे त्यांच्या ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख. नाव अनेकदा ऐकलेलं, आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. 'जरा' आणि 'लगेच' हे दोन शब्द एकाच दमात आले तेव्हाच मी काय ते समजले. यांना ऑफिसात फोन केला, मेथी तशीच पेपरावर टाकली आणि निघाले. आम्ही पोचलो तोवर सगळं संपलं होतं. कॉरिडॉरमध्ये कर्णिकसाहेब वन्संचा चष्मा हातात धरून उभे होते. तो कुणाच्या हाती द्यायचा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी मीच तो घेतला. सकाळी डबा घेताना वन्सं मला म्हणाल्या होत्या, "शैला, भाजीत मीठ बेताचं घातलंस ना?" आमच्यातलं शेवटचं बोलणं हे, एवढंच...

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. कुमुदताई या माझ्या थोरल्या नणंदबाई, यांची सख्खी बहीण. मी त्यांना 'वन्सं' म्हणत असे. माझ्या वयाच्या मुलींनी हा शब्द कधीच सोडून दिला होता, पण सासूबाईंनी सवय लावली ती लागली. वन्संनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. भेटायला येणारे मला अजून विचारतात, की इतकी वर्षं दोन खोल्यांत नणंद-भावजय कशा राहिलात? भांडत राहिलो, असं मी सांगते. ते खोटं नाही. वन्संना सरळ रेघेतून जरासं हललेलं काही सहन होत नसे. कॅलेंडर तिरकं असलं तर पाहुण्यांशी बोलता बोलता उठून सरळ करतील. माझ्या पोळ्या हा तर त्यांचा कायमचा विषय. ताटातली पोळी दोन बोटांनी उचलून म्हणायच्या, "शैला, ही पोळी आहे की गोव्याचा नकाशा?" मी म्हणायचे, "वन्सं, पोटात गेली की गोलच होते." त्यावर त्या हसायच्या नाहीत, पण पोळी संपवायच्या. आणि आणखी एक मागून घ्यायच्या.

वागळे इस्टेटमधल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत त्या ट्रेसर होत्या. हे काम आता राहिलेलं नाही, म्हणून सांगते. इंजिनीअर पेन्सिलीने ड्रॉइंग काढतो. ट्रेसर त्याच्यावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवते आणि शाईने प्रत्येक रेघ पुन्हा काढते. जाड रेघ कुठे, बारीक कुठे, तुटक कुठे, हे सगळं हातात असावं लागतं. त्या कागदावरून छापे निघतात आणि ते छापे हातात धरून खाली कारखान्यात लोखंड कापलं जातं. शाई सांडली किंवा रेघ चुकली तर ब्लेडने हळूच खरवडायचं, आणि जास्त खरवडलं तर कागद फाटतो, मग सगळं पहिल्यापासून. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून वन्सं हेच करत होत्या. त्यांच्या बोर्डाला लागून दुसरा बोर्ड होता तो निर्मलाताईंचा. वर्तकनगरला राहायच्या, नवरा लवकर गेला होता, आणि तरीही मी बघितलेल्या माणसांत सगळ्यांत मोठ्याने हसणाऱ्या. वन्सं एकदा कामाला बसल्या की तोंडातून शब्द काढायच्या नाहीत आणि निर्मलाताई गाणं गुणगुणल्याशिवाय रेघ ओढायच्या नाहीत. दोघींचं जमलं कसं, देव जाणे. डबा मात्र दोघींचा एकच. म्हणजे डबे दोन, पण वन्संच्या डब्यातलं निर्मलाताई खायच्या आणि त्यांच्यातलं वन्सं. माझ्या कोबीच्या भाजीची वर्तकनगरात वाखाणणी होते, हे मला असंच कळलं.

मग त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. काचेची केबिन झाली, एसी बसला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. वन्सं घरी येऊन सांगायच्या, "देऊळ झालंय नुसतं. पुजारी सगळे डिप्लोमावाले, आणि आम्ही आपल्या बाहेरून दर्शन घ्यायचं." चेष्टेत बोलायच्या, पण चेष्टा फार दिवस टिकली नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. एका पावसाळ्यात कर्णिकसाहेबांनी दोघींना बोलावून सांगितलं, की दिवाळीनंतर बोर्ड निघणार. जिला मशीनवर पूर्ण ड्रॉइंग काढून दाखवता येईल ती इथेच राहील, नाही तर स्टोअरमध्ये बदली. नोकरी कुणाची जाणार नव्हती. पण स्टोअर म्हणजे जाळीची खिडकी, पलीकडे नट-बोल्टचे खण आणि दिवसभर चिठ्ठी बघून माल काढून देणं. ज्यांनी उभ्या जन्मात रेघेशिवाय दुसरं काही केलं नाही, त्यांना तिथे बसायचं होतं. वन्संनी साहेबांना विचारलं, "आम्हाला शिकायला मशीन केव्हा मिळेल?" साहेब वाईट माणूस नव्हते. ते खाली बघून म्हणाले, "मशीनला एक मिनिट रिकामं नाही हो. ते तुमचं तुम्हाला बघावं लागेल."

वन्संनी ते बघितलं. इस्टेटमध्येच एका छोट्या गाळ्यात पाटील म्हणून एक गृहस्थ होते, कोलशेतचे. आधी टीव्ही दुरुस्त करायचे, आता सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचे. एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातून त्यांनी ३८६ जातीचं एक मशीन उचललं होतं. ते चादरीत गुंडाळून, रिक्षात बाळंतिणीसारखं सांभाळून आमच्याकडे आलं. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन होतं तिथे ते बसलं, आणि माझं मशीन गेलं गॅलरीत. मी आठवडाभर घुश्शात होते. ब्लाऊज शिवायला बसले की डोक्यावर वाळत घातलेल्या कपड्यांतून पाणी ठिबकायचं.

पण खरी पंचाईत वन्संची झाली. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर पाटलांनी फ्लॉप्यांवर भरून दिलं होतं, एक फाटकं पुस्तक दिलं होतं. वन्सं आणि रविवारी येणाऱ्या निर्मलाताई त्या पुस्तकातून एकेक कमांड लावत शिकत होत्या. रेघ आली, चौकोन आला. मग आलं वर्तुळ. वन्संनी वर्तुळ काढलं, जवळून बघायला मोठं केलं आणि ओरडल्याच, "अगं, याला कोपरे आहेत." खरंच होते. पडद्यावर वर्तुळ म्हणून जे दिसत होतं ते लहान लहान सरळ रेघा जोडून केलेलं होतं. पाटलांनी फोनवर समजावलं, की आत ते गोलच आहे, नुसतं दिसायला तसं. मशीनला पडदा, म्हणजे पडद्यावरचं सगळं चित्र, पुन्हा काढायला सांगा, नीट दिसेल. वन्संनी सांगितलं. मशीन घुं घुं करत बसलं. वर्तुळ एकच होतं तोवर ठीक होतं, पण पूर्ण ड्रॉइंग असलं की मशीन विचारात पडायचं ते पडायचंच. निर्मलाताई तेवढ्यात आत येऊन माझ्याबरोबर चहा टाकायच्या, पिऊन कप विसळायच्या आणि बाहेर डोकावून विचारायच्या, "आला का गं गोल?" बाहेरून वन्सं म्हणायच्या, "येतोय."

या चालीने दिवाळीपर्यंत एकीचंही ड्रॉइंग पुरं होणार नव्हतं. म्हणून नवरात्रात वन्संनी पाटलांना घरी बोलावलं. बोनस हातात यायचा होता, त्यातून मशीनमध्ये काही तरी एक नवं बसवता आलं असतं. फक्त एक. ते काय असावं, यावर आमच्या पुढच्या खोलीत जी बैठक झाली ती मी जन्मात विसरणार नाही. लग्नाच्या बोलणीला बसावं तसे सगळे बसले होते. वन्संनी आधीच झाकण उघडून मशीनच्या आतल्या भागाचं चित्र ट्रेसिंग पेपरवर काढून ठेवलं होतं, शाईने, मापासकट. कुठला पट्टा कुठून कुठे जातो, कुठली जागा रिकामी आहे, सगळं. पाटील ते चित्र बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, ह्ये मला द्या. माझ्या गाळ्यात लावतो."

आमच्या यांचं मत पडलं मेमरी वाढवावी. वाढवायचं तर पायाच भक्कम करावा, असं त्यांचं प्रत्येक बाबतीत असतं. पाटलांचा जीव रंगीत मॉनिटरवर. आमच्याकडे होता तो काळ्या पडद्यावर पिवळट रेघा दाखवणारा. "ताई, कलर घ्या. ब्लॅक-व्हाइट आता कोन ठेवतंय? तुमच्या ऑफिसात पन सगले कलरच हायेत. येक पार्ट लाल, येक पार्ट हिरवा, डोळ्याला त्रास नाय." मला कुणी विचारलं नव्हतं, पण मनातून मीही रंगीतच्या बाजूने होते. पुढच्या खोलीत जरा शोभा आली असती. वन्सं प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारत होत्या, "याने काय होईल?" आणि उत्तर आलं की दुसरा, "आणि दोघी बसलो तर?"

हा दुसरा प्रश्न पाटलांच्या डोक्यात शिरेना. "दोघी म्हंजे? मशीनवर मानूस येकच बसनार ना?" तेव्हा वन्संनी चित्रातल्या एका जागेवर बोट ठेवलं. मुख्य चिपच्या शेजारी एक चौकोनी रिकामी खाच होती. तिथे गणित करणारी वेगळी चिप बसते, हे त्यांनी त्या फाटक्या पुस्तकात वाचलं होतं. ती बसली की आकडेमोड भराभर होते, आणि ड्रॉइंग म्हणजे मशीनच्या लेखी सगळी आकडेमोडच. पाटील म्हणाले, "हां, ती बसल पन ती कोन घेत नाय ताई. मिलत पन नाय पटकन. आनि बसवून दिसनार काय? बाहेरून काय पन दिसनार नाय." वन्सं म्हणाल्या, "दिसायला नकोय. पाटील, निर्मला वर्तकनगरहून येते. तिला रविवार आणि सुट्ट्याच मिळतात. एकीचा गोल होईपर्यंत दुसरीने हात बांधून बसायचं असेल तर दोघींपैकी एकीचंच ड्रॉइंग होईल. मला दोघींना पुरेल असं मशीन पाहिजे. रंगाचं काय एवढं? शाई काळीच असते." पाटलांनी मान डोलावली. म्हणाले, "दोन बायांसाटी येक मशीन... ह्ये पयल्यांदाच बनवतोय." आणि मग त्या चिपसाठी ते कुठे कुठे फिरले ते त्यांनाच माहीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आले आणि अंगठ्याने हलकेच दाबून चिप खाचेत बसवली. वन्संनी एक जुनं ड्रॉइंग उघडलं, पडदा पुन्हा काढायला सांगितला. मी चहाचं आधण ठेवायला वळले तोवर तो काढून झालासुद्धा. वन्सं माझ्याकडे बघून हसल्या. तसं त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

दसऱ्याला सकाळी निर्मलाताई आल्या. दोघी दर वर्षी आपापल्या बोर्डाची पूजा करायच्या. आदल्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती, पण त्या वर्षी बोर्डांना झेंडू आला नव्हता, म्हणून दोघींनी स्वतःच्या पिशवीतून नेऊन घातला होता. घरी आता मशीन होतं. त्याची पूजा करायचीच होती. कंपास, गुण्या, शाईची पेनं पाटावर मांडली. वन्संनी मशीनचे स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "झाकण कशाला काढताय?" तर म्हणाल्या, "अगं, काम करणारा भाग आत आहे. पत्र्याची पूजा करून काय करायचं? लेथला काय आपण चादर घालून हळदकुंकू लावतो?" यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आजही त्या बोलण्यात मला चूक काढता येत नाही. निर्मलाताईंनी फुलाने पाणी शिंपडलं. सगळ्या हत्यारांवर शिंपडलं, तसंच आतही, अगदी अलगद. हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या. निरांजन ओवाळलं. मग हत्यार चालवून बघायचं असतं, म्हणून वन्संनी बटण दाबलं.

एक बारीकसा आवाज झाला. मग वास आला, जळका. पडदा काळाच राहिला. वन्संनी बटण बंद केलं आणि तशाच उभ्या राहिल्या. निर्मलाताईंच्या हातात ते झेंडूचं फूल होतं, त्यातून अजून पाणी गळत होतं. त्यांनी ते फूल तांब्यात ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.  स्वयंपाकघरात श्रीखंड होतं, ते त्या दिवशी दोघींनीही खाल्लं नाही.

पाटील सणाचे कपडे घालून तसेच धावत आले. सगळं पुसलं, वाळवलं, तपासलं. बोर्ड वाचला होता. गेली होती ती फक्त ती चिप. "दुसरी?" वन्संनी विचारलं. पाटील म्हणाले, "आनतो ताई. पन दिवाली आदी नाय मिलनार. खोटं कशाला बोलू." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, मी आमच्या गाळ्यात पन हलदकुंकू लावतंय मशीनला. झाकनावर लावतंय, तरी लावतंयच ना. ताईंना सांगा मनाला लावून घेऊ नका." 

मशीन पुन्हा पहिल्यासारखं घुं घुं करू लागलं. एक-दोन रविवार निर्मलाताई आल्या. पण आता दोघी मशीनसमोर बसल्या की खोलीत काही तरी अडकल्यासारखं वाटायचं. एकमेकींना फार जपून बोलायच्या. "तू बस." "नाही गं, तू बस." निर्मलाताई गुणगुणेनाशा झाल्या. वर्तुळ येत असताना त्या आत चहाला यायच्या त्याही थांबल्या, बाहेरच पडद्याकडे बघत बसायच्या. मग एका रविवारी आल्याच नाहीत. शेजारच्यांच्या फोनवरून फोन केला, "कुमुद, तू कर. मला नाही जमायचं ते. माझे डोळे पण आता..." डोळे त्यांचे उत्तम होते. वन्सं त्याच दिवशी वर्तकनगरला गेल्या. संध्याकाळी परत आल्या, पाय धुतले, मशीनसमोर बसल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर मी त्यांना काम करताना बघितलं ते निराळंच होतं. ड्रॉइंग पुन्हा काढायला मशीन वेळ लावतं, म्हणून त्यांनी ते काढायला सांगणंच बंद केलं. पडदा मोठा करून बघायचा नाही, रेघ पुसायची नाही. एकेक आकडा आधी मनात पक्का करायचा, मग टाइप करायचा. शाईने काढावं तसं त्या कॉम्प्युटरवर काढत होत्या. कोपऱ्या-कोपऱ्यांची वर्तुळं समोर असायची आणि त्यांना ती आत गोल आहेत हे ठाऊक असायचं. मी भाजी चिरत त्यांच्याकडे बघायचे आणि मला त्यांचा राग यायचा, दयाही यायची. एक दिवस न राहवून म्हटलं, "वन्सं, जरा उठा, चार घास खा." त्या पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "आता दोघींच्या वाटचं मला एकटीला करायचंय ना."

दिवाळी झाली. वन्संनी ऑफिसातल्या मशीनवर ड्रॉइंग काढून दाखवलं. कर्णिकसाहेबांनी कागदावर आलेला छापा वरपासून खालपर्यंत तपासला आणि "ठीक आहे" म्हणाले. त्या घरी आल्या तेव्हा मी दारातच विचारलं, "झालं?" "झालं." "आणि निर्मलाताई?" चपला काढता काढता म्हणाल्या, "तिने नावच दिलं नाही." आणि आत जाऊन दिवा न लावता बसल्या. जे टिकवण्यासाठी एवढा खटाटोप केला ते मिळालं होतं, पण घरात कुणी पेढा आणला नाही.

स्टोअरची जेवायची सुट्टी वेगळ्या वेळेला असे. वन्सं काही दिवस डबा दोघींपुरता नेत राहिल्या. तो अर्धा परत यायचा. मग मी भाजी कमी घालू लागले. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सुरुवातीला त्या स्टोअरच्या खिडकीवर जाऊन यायच्या, पण निर्मलाताई कायम आतल्या बाजूला कामात असायच्या. पुढे ते जाणंही बंद झालं. एकाच कंपाऊंडच्या आत दोघी रोज येत होत्या आणि वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. इथे भांडणच नव्हतं. पाटील दर वर्षी दसऱ्याला यायचे, आपट्याची पानं द्यायचे आणि म्हणायचे, "ताई, आता ४८६ घ्या, त्यात ती चिप आतच येते. आनि कलर तर आता कोन पन घेतंय." वन्सं त्यांच्या हातावर पेढा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आहे ते एकीला पुष्कळ आहे, पाटील." एकदा मी चिडले. म्हटलं, "वन्सं, त्यांनी आपणहून माघार घेतली. तुम्ही काय त्यांना ढकललंत? किती वर्षं हे असं छातीशी धरून बसणार?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "झाकण मी काढलं, शैला," म्हणाल्या. त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

दिवसकार्य उरकलं तेव्हा यांनी विषय काढला, की मशीन आता पाटलांना देऊन टाकू, जागा मोकळी होईल, तुझं शिलाई मशीन आत घेता येईल. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या कोपऱ्यात जाऊन मी झाडू मारते, पुसते, आणि खुर्ची होती तिथेच ठेवते. इतक्या वर्षांनी जागा मिळत होती, आणि मला ती नको होती.

गेल्या रविवारी दारावरची बेल वाजली. निर्मलाताई होत्या. केस सगळे पांढरे झालेले, पण मी लगेच ओळखलं. अंत्यसंस्काराला त्या आल्या होत्या, लांब उभ्या होत्या, हे मला नंतर यांनी सांगितलं होतं. मी पाणी दिलं. काही वेळ आम्ही दोघी इकडचं तिकडचं बोललो... मग त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. कसल्याशा गिअरचं ड्रॉइंग होतं. घड्यांवर झिजलेलं, कोपऱ्यांवर तेलाचे डाग. "प्रत्येक ड्रॉइंगचा एक छापा स्टोअरला येतो, वहिनी. माल काढायला लागतो. हा जुना झाला, फाडायला काढला होता." मग त्यांनी खालच्या उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे छोट्या छोट्या चौकटी होत्या. एक ड्रॉइंग काढणाऱ्याची, एक ट्रेस करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. पहिल्या चौकटीत वन्संच्या नावाची आद्याक्षरं होती. दुसरीतली आद्याक्षरं मी वाचली आणि काही कळेना, म्हणून निर्मलाताईंकडे बघितलं.

"माझी आहेत," त्या म्हणाल्या. "मशीन आल्यावर ट्रेस करणं संपलं ना. बाकीच्या पोरांनी ती चौकटच काढून टाकली. हिने ठेवली. आणि दर वेळी त्यात माझं नाव टाकायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, जुनी फाइल वापरली असेल, चुकून राहिलं असेल. मग दुसरं आलं, त्यात पण. तिसरं आलं, त्यात पण. शेवटी शेवटी खिडकीवर छापा आला की मी माल काय काढायचाय ते नंतर बघायची, आधी हा कोपरा बघायची. इतकी वर्षं झाली, वहिनी, हिचं एक ड्रॉइंग असं आलं नाही की ज्यात मी नव्हते. कर्णिकसाहेब शेजारच्याच चौकटीत सही करायचे. त्यांनी कधी खोडलं नाही."

 मी विचारलं, "मग तुम्ही कधी बोलला नाहीत त्यांच्याशी?"

"कुठल्या तोंडाने बोलणार? पाणी माझ्या हातचं होतं."

"त्या म्हणायच्या, झाकण मी काढलं."

निर्मलाताईंनी मान वर केली. "असं म्हणायची?"

"हो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या, फक्त कागदावर पडू नये म्हणून छापा जरा पुढे सरकवून ठेवला होता. मग म्हणाल्या, "परवा नवीन ड्रॉइंग आलं खिडकीवर. तिच्या जागी बसलेल्या पोराने काढलेलं. काढणारा आणि तपासणारा, दोनच चौकटी आहेत. अगदी चिकटून." मी आत जाऊन चहा टाकला. त्या उठून मागोमाग आल्या, पूर्वीसारख्या ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि चहा पिऊन झाल्यावर त्यांनी दोन्ही कप विसळले.

निघताना त्या टेबलापाशी थांबल्या. "हा मी नेऊ का? तुम्हाला ठेवायचा असेल तर राहू दे."

"अहो, न्या. तुमचाच आहे तो," मी म्हटलं.

"आमचा," निर्मलाताई म्हणाल्या, आणि जुन्या घड्यांवर नीट घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.